स्ट्रॅट टाइप गिटार ट्यूनमध्ये राहत नाही? लॉकिंग ट्यूनर घ्यायच्या आधी हे सगळं बघ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गिटार स्ट्रॅट टाइपची (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या नमुन्याची), सहा स्क्रूवाला ट्रेमोलो ब्रिज (बार दाबून सूर हलवता येतो तो), घेऊन आठ-नऊ महिने झालेत आणि तारा अजून कंपनीतून आलेल्याच. तिसरी तार म्हणजे जी, बेंड केली (बोटाने आडवी ताणली) की उतरते. ट्रेमोलोचा बार दाबला की सगळंच जातं. सूर दाखवणाऱ्या क्लिप ट्यूनरवर सहाच्या सहा तारा हिरव्या दिसतात तरी ओपन ई कॉर्ड कानाला टोचते, आणि वर पंधराव्या फ्रेटला गेलं की अजूनच बेसूर. दुकानदाराने सांगितलं की हेडस्टॉकवरचे (नेकच्या टोकाचे) तारा पिळायचे ट्यूनर हलके आहेत, लॉकिंगवाले म्हणजे तार पकडून धरणारे टाका, चार-पाच हजार होतील. दादा म्हणून हाक मारलीस म्हणून अरे-तुरेच करतो.

ट्यूनर बदलू नकोस. निदान आत्ता तरी नको. माझ्याकडे सेटअपला ज्या गिटार येतात त्यातल्या ट्यूनिंग टिकत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांना आधी कोणीतरी ट्यूनरच बदलायला सांगितलेलं असतं, आणि प्रत्यक्षात दोष असतो नटमध्ये (पहिल्या फ्रेटच्या आधीची खाचांची पट्टी), तारा गुंडाळण्यात किंवा ब्रिजच्या स्प्रिंगमध्ये. ट्यूनरच्या आत वर्म गियर असतो, तू कान पिळलास की पोस्ट (तार गुंडाळते तो खुंट) फिरतो पण तारेने पोस्ट कितीही ओढला तरी तो उलटा गियर फिरवू शकत नाही. १४:१ चा ट्यूनर म्हणजे कान १४ वेळा फिरवल्यावर पोस्टचा एक फेरा. स्वस्त ट्यूनर फिरवताना ढिले लागतात, थोडा मोकळा प्ले असतो, वाजवायला कटकट होते हे खरं, पण ढिला लागणं आणि तार सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढंच बघ की हेडस्टॉकच्या पुढच्या बाजूचा षटकोनी नट आणि मागचा छोटा स्क्रू टाइट आहेत ना. बहुतेक वेळा १० नंबरचा पाना लागतो, हाताने आवळल्यावर थोडासा अजून, जोर लावून नाही. झालं ट्यूनरचं काम.

आता तारा. आठ-नऊ महिने त्याच तारा आणि त्यात एक पावसाळा गेलेला, म्हणजे बाकी काही तपासायच्या आधी त्या काढायच्याच, यात चर्चा नाही. नख तारेच्या खालच्या बाजूने फिरवून बघ, फ्रेट येतो तिथे तिथे खाचे लागतील. तार सगळीकडे सारखी जाड नसली की ती सुरातही सरळ वाजत नाही, ओपन एक सांगते आणि वर दाबली की दुसरंच, त्यामुळे जुन्या तारांवर इंटोनेशन (ब्रिजवर तारेची लांबी जुळवून वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर आणणं) करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. मुंबई-ठाणे-कोकण पट्ट्यात जून ते सप्टेंबर तारांना गंज चढतो तो घाम आणि दमट हवा मिळून, म्हणून वाजवून झालं की सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसायच्या. कोटेड तारा जास्त टिकतात पण महाग असतात, घाम जास्त येत असेल तर परवडतात.

गेज म्हणजे तारांची जाडी कुठली घ्यायची? या प्रकारच्या बऱ्याच गिटार कारखान्यातून ९-४२ वर (पहिली तार ०.००९ इंच, सहावी ०.०४२) येतात, तुझीही तशीच असावी, सध्या तेच घे. १०-४६ टाकलेस तर बाकी सगळं हलणार कारण २५.५ इंच स्केलवर (नट ते ब्रिज तारेची लांबी) ९-४२ च्या सेटचा सहाही तारांचा मिळून ओढ साधारण ३८-३९ किलो असतो आणि १०-४६ चा ४६-४७. म्हणजे सात-आठ किलो जादा, नेक पुढे वाकते, ब्रिज वर उचलला जातो, जाड तार नटच्या खाचेत अडकते, आणि मग माणूस म्हणतो नवीन तारा टाकल्यावर गिटार बिघडली. गेज बदललं की सेटअप परत करायचाच, हे धरून चाल.

तारा बसवताना एकेक काढून एकेक लाव, सगळ्या एकदम काढल्यास तर ब्रिज मागे बसतो आणि मग परत सगळं बॅलन्स करत बसावं लागतं. पोस्टवर वेढे किती? जाड तारांना दोन-अडीच, पातळ तीन तारांना तीन-चार, वरून खाली नीट एकाखाली एक, एकमेकांवर चढलेले नकोत. पोस्टचा घेर साधारण १९ मिमी असतो, म्हणजे पोस्टच्या पुढे ५ सेंमी तार सोडून कापलीस की अडीच वेढे बसतात, सात सेंमी सोडलीस तर साडेतीनच्या आसपास. आठ-दहा वेढ्यांचं भेंडोळं केलं की प्रत्येक बेंडला ते थोडं थोडं आवळत राहतं आणि तार उतरते. लॉकिंग ट्यूनरचा खरा फायदा हाच की वेढेच लागत नाहीत, पण नीट तीन वेढे मारता आले की तो फायदा फुकटात मिळतो. मग ट्यून करून तार बाराव्या फ्रेटपाशी बोटाने धरून गिटारपासून वर ओढायची, बेताने, परत ट्यून, परत ओढ, ती उतरायची थांबेपर्यंत. यात तार ताणली जाते म्हणतात पण मुख्य काम होतं ते वेढे आवळण्याचं आणि सॅडलपाशी (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) वाकण बसण्याचं. आणि सूर नेहमी खालून वर आणायचा. चढला असेल तर खाली आणून परत वर ये, वरून खाली येऊन थांबलास तर गियरमधला मोकळेपणा तसाच राहतो आणि पहिल्या बेंडला तार तेवढी घसरते.

हे केल्यावर निम्म्या गिटार बऱ्या होतात. तुझी जी स्ट्रिंग मात्र एवढ्यावर सुटेल असं वाटत नाही, कारण तुझी लक्षणं नटची आहेत.

नट म्हणजे हेडस्टॉक आणि पहिल्या फ्रेटच्या मधली ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. तिथून तार सहज घसरली पाहिजे. खाच अरुंद असली, तळाला खडबडीत असली की तार चिमटीत धरल्यासारखी अडकते. तपासायची पद्धत अशी. जी तार हळूहळू वर ट्यून कर आणि क्लिप ट्यूनरच्या काट्याकडे बघ. कान फिरतोय पण काटा जागचा हलत नाही, हलत नाही, आणि मग अचानक टिंग असा बारीक आवाज येऊन काटा उडी मारून पुढे गेला, तर तार खाचेत अडकतेय. दुसरी तपासणी, जी तार ट्यून करून एक मोठा बेंड मार, सोड. ट्यूनरवर ती उतरलेली दिसेल, समजा आठ-दहा सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). आता नट आणि पोस्टच्या मधला तारेचा तुकडा बोटाने एकदा खाली दाब आणि सोड. सूर परत वर आला? मग शंकाच नको. बेंड करताना तार हेडस्टॉककडून नटमधून अलीकडे ओढली गेली, सोडल्यावर परत जायला पाहिजे होती पण खाचेने धरून ठेवली, म्हणून वाजणाऱ्या भागात तार जादा राहिली आणि सूर उतरला. ट्रेमोलो बार दाबून सोडल्यावर याच्या बरोबर उलट होतं, अडकलेली तार चढून परत येते, आणि एक बेंड मारला की जागेवर बसते. हे दोन्ही होत असेल तर ट्यूनरवर हजार रुपये सुद्धा घालवायची गरज नाही.

उपाय पहिला: पेन्सिल. नटराज, अप्सरा, घरात असेल ती, २बी-४बी मऊ असेल तर उत्तम. टोक अणकुचीदार कर, तार ढिली करून खाचेतून बाजूला घे आणि खाचेच्या तळाला आणि दोन्ही भिंतींना शिसं घास. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, तेच वंगणाचं काम करतं. प्रत्येक वेळी तारा बदलताना हे करायचं, दोन मिनिटांचं काम. डब्ल्यूडी-४० कृपा करून मारू नकोस, तो लाकडात आणि फिनिशमध्ये उतरतो. पहिल्या दोन तारांवर हेडस्टॉकला जो छोटा क्लिपसारखा स्ट्रिंग ट्री असतो त्याच्या खालीही तार घासते, तिथे शिसं किंवा व्हॅसलीनचा अगदी टिपका.

पेन्सिलने फरक पडला पण थोडाच, तर खाच खरंच अरुंद आहे. नट फाइल्स महाग असतात, एका गिटारसाठी घेण्यात अर्थ नाही. ६०० नंबरचा पॉलिश पेपर घडी घालून खाचेत पुढे-मागे हलक्या हाताने फिरव, दोन्ही बाजूच्या भिंती गुळगुळीत करायच्या, तळ खोल करायचा नाही. जाड तारांच्या खाचांसाठी जुनी गुंडाळीवाली तारच करवतीसारखी चालवता येते. दोन-चार हात मारायचे, तार बसवायची, तपासायचं. नटमधून काढलेलं परत भरता येत नाही, तळ एकदा खोल गेला की ओपन तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि नवीन नट बसवावा लागतो.

आता ट्रेमोलो. १९५४ साली फेंडरने स्ट्रॅट काढली तेव्हाच हा सहा स्क्रूचा ब्रिज त्यावर होता आणि तेव्हापासून लोक त्याला शिव्या देतायत, पण डिझाइन वाईट नाहीये, समजून घेतला की बरा वागतो. एका बाजूला तारांचा ओढ, दुसऱ्या बाजूला मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगांचा, आणि ब्रिज मधे तराजूसारखा. एक पारडं हललं की सगळं हलतं. म्हणून एक तार वर ट्यून केलीस की बाकीच्या पाच किंचित उतरतात, एक तुटली की उरलेल्या सगळ्या चढतात, आणि जी बेंड करताना दुसरी तार सोबत वाजत असेल तर ती बेसूर होते. हा बिघाड नाही, तरंगत्या ब्रिजचा स्वभावच तो.

सांगायचा मुद्दा, तू बार किती वापरतोस ते आधी ठरव. कधीतरी खाली दाबण्यापुरता असेल तर माझं स्पष्ट मत, ब्रिज बॉडीला टेकवून टाक. मागचं प्लास्टिकचं कव्हर काढ, आत स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवल्यात तिला क्लॉ म्हणतात, ती दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेली असते. ते स्टार स्क्रू ड्रायव्हरने आवळायचे, दोन्ही सारखे, अर्धा-अर्धा फेरा, दर वेळी परत ट्यून करून, ब्रिज बॉडीवर सपाट बसेपर्यंत आणि नंतर एखादा फेरा जास्त. तीन स्प्रिंगांवर होत नसेल तर चौथी टाक, जागा पाचांची असते. यानंतर बार फक्त खाली जाईल, वर ओढता येणार नाही, पण बेंड करताना ब्रिज हलणार नाही आणि बार सोडला की तो दर वेळी लाकडावर येऊन त्याच जागी टेकेल. नव्याने लीड शिकणाऱ्याची निम्मी कटकट इथे संपते.

तरंगताच ठेवायचा असेल तर मागची कड बॉडीपासून साधारण ३ मिमी वर असू दे. आणि पुढचे सहा स्क्रू बघ, स्वस्त गिटारमध्ये बऱ्याचदा ते सगळेच गच्च आवळलेले असतात, मग ब्रिज फिरणार कसा. बाहेरचे दोन स्क्रू पिव्होटचं काम करतील एवढे ठेवायचे, मधले चार किंचित वर, प्लेटला दाबून न धरणारे. हे करताना तारा ढिल्या ठेव. बार वापरून झाल्यावर सहाही तारा एकाच दिशेने सारख्याच हलल्या असतील तर दोष या पिव्होटमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये. एक-दोनच हलल्या असतील तर नट किंवा स्ट्रिंग ट्री. एवढं एक निदान लक्षात ठेवलंस तरी पुष्कळ.

हे झाल्यावर सेटअप, आणि इथे क्रम महत्त्वाचा कारण प्रत्येक पायरी पुढचीला हलवते. आधी नेक, मग अ‍ॅक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, मग नटची उंची, मग इंटोनेशन, शेवटी पिकअप (तारेचं हलणं पकडणारे चुंबक). मधूनच इंटोनेशन करायला बसलास आणि नंतर ट्रस रॉड (नेकच्या आतला धातूचा दांडा, नेकचा वाक बदलणारा) फिरवलास की सगळं परत. आणि मोजमाप घेताना गिटार पूर्ण ट्यूनमध्ये आणि मांडीवर वाजवतो तशी, पलंगावर उताणी ठेवून नाही.

नेकचं बघ. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, सहावी तार नेक बॉडीला जोडलेली असते त्या फ्रेटवर दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तार आणि फ्रेट यात किती फट आहे बघ. ०.२ ते ०.३ मिमी हवी. मोजायला फिलर गेज, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, गॅरेजवाले टॅपेटचा गॅप काढायला वापरतात तोच. तो नसेल तर पहिल्या तारेचा कापलेला तुकडा घे, ९ च्या सेटमधली पहिली तार ०.००९ इंच म्हणजे ०.२३ मिमी, ती जेमतेम सरकली की झालं. फट फार मोठी असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने म्हणजे आवळायचा, अजिबात नसेल तर उलटा. गिटारसोबत आलेली अ‍ॅलन की वापर, दुसरी ‘जवळपास बसते’ अशी नको, आतला षटकोन गोल झाला की काम हजारोंत जातं. एका वेळी पाव फेरा, परत ट्यून, परत मोज. लाकूड सावकाश हलतं, त्यामुळे रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा बघितलेलं बरं. आणि रॉड फिरतच नसेल, फारच जोर लागत असेल, तर तिथेच थांब आणि कोणाकडे तरी ने.

ट्रस रॉड अ‍ॅक्शन कमी करण्यासाठी नसतो हे मात्र नीट समजून घे. तारा उंच वाटतात म्हणून रॉड आवळत जाणारे खूप आहेत, मग पहिल्या पाच फ्रेटवर खरखर सुरू होते. उंचीसाठी ब्रिजवरची सॅडल असतात, प्रत्येकाला दोन बारीक अ‍ॅलन स्क्रू. सतराव्या फ्रेटवर तारेच्या खालच्या कडेपासून फ्रेटच्या माथ्यापर्यंत १.६ मिमी, हा साडेनऊ इंच रेडियसच्या फिंगरबोर्डला फेंडर स्वतः सांगतं तो आकडा, सुरुवातीला तोच ठेव. स्टीलची पट्टी चालेल पण शून्य अगदी कडेपासून सुरू होणारी हवी, शाळेच्या प्लास्टिकच्या पट्टीला आधी दोन-चार मिमी कोरी जागा असते. खरखर येते कुठे त्यावरून कारण कळतं. पहिल्या चार-पाच फ्रेटवर येत असेल तर नेक जास्त सरळ किंवा मागे वाकलेली, दहाच्या पुढे येत असेल तर सॅडल खाली, फक्त ओपन तारेवर येत असेल तर नटची खाच खोल, आणि एकाच फ्रेटवर येत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. आणि अ‍ॅम्पमधून ऐकू येत नसेल तर सोडून दे, इलेक्ट्रिक गिटार न लावता वाजवली की थोडी खरखर सगळ्यांचीच येते.

आता तुझी ओपन ई कॉर्ड. ओपन तारा ट्यूनरवर बरोबर आणि पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर दाबल्या की चढतात, याचं नेहमीचं कारण नटच्या खाचा उंच असणं. कारखान्यात त्या मुद्दाम उंच सोडतात कारण खोल गेली तर गिटार परत येईल, उंच असलेली कोणी परत करत नाही. बघायचं असं, तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाब आणि पहिल्या फ्रेटवर टिचकी मारून बघ, तार अगदी केसाएवढी हलली पाहिजे, बारीक टिकटिक ऐकू येते. पोस्टकार्ड सरकेल एवढी फट असेल तर खाच उंच आहे, दाबताना तार जादा ताणली जाते आणि सूर चढतो. ट्यूनर घेऊन पहिल्या फ्रेटवर प्रत्येक तार हलक्या हाताने दाबून बघ, दहा-पंधरा सेंट चढत असेल तर कान टोचणारच. हे एक काम मात्र स्वतः करू नकोस, फाइल्स आणि सवय असलेल्या माणसाकडून करून घे, तुझ्या पैशांचा सगळ्यात चांगला उपयोग इथेच आहे.

इंटोनेशन लोकांना अवघड वाटतं पण सगळ्यात सोपं तेच. ओपन तार ट्यून कर, मग तीच बाराव्या फ्रेटवर वाजवतोस तेवढ्याच जोराने दाबून ट्यूनरवर बघ. चढत असेल तर सॅडल मागे, म्हणजे नटपासून लांब. उतरत असेल तर पुढे. प्रत्येक वेळी सॅडल हलवल्यावर ओपन परत ट्यून करायची, हे विसरलं की माणूस गोल गोल फिरत राहतो. किती हलवायचं याचा अंदाज देतो, २५.५ इंच म्हणजे ६४८ मिमीच्या स्केलवर १ मिमी मागे घेतलं की साधारण पावणेतीन सेंटचा फरक पडतो. म्हणजे तुझी जी बाराव्यावर ८ सेंट चढत असेल तर जवळपास ३ मिमी मागे. तार ढिली करून सॅडल हलव, ताणलेल्या तारेखाली स्क्रू फिरवलास तर स्क्रूचं डोकं जाईल. सगळं झाल्यावर वरून बघ, पहिली तार सगळ्यात पुढे, दुसरी तिच्या मागे, तिसरी अजून मागे, मग चौथी गुंडाळीवाली असल्याने परत पुढे आणि तिथून पाचवी-सहावी मागे, असा दोन पायऱ्यांचा आकार दिसला पाहिजे. एखादं सॅडल भलतीकडेच गेलं असेल तर ती तार खराब आहे किंवा मोजताना काहीतरी चुकलंय.

इंटोनेशन कितीही केलं तरी नाही सुटत अशी एक गोष्ट, आणि ही पिकअपची. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलमध्ये लोहचुंबकाचे दांडे असतात, पिकअप फार वर असले की ते तारेला खेचतात आणि तिचं हलणं बिघडवतात. नेक पिकअपवर सहावी तार बाराव्याच्या पुढे दाबून वाजव, एकाच तारेत दोन सूर असल्यासारखं थरथरतं का? ट्यूनरचा काटा स्थिरच होत नाही का? पिकअप खाली कर. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून, मॅग्नेटच्या माथ्यापर्यंत जाड बाजूला २.४ मिमी आणि पातळ बाजूला २ मिमी, इथून सुरुवात कर. तुझं पंधराव्या फ्रेटचं दुखणं हेच असेल तर दोन स्क्रूंचं काम आहे.

आणि आता जरा वेगळा मुद्दा, जो आपल्याकडच्या लोकांना जास्त त्रास देतो. गाणं किंवा पेटी शिकलेला कान असेल, तानपुऱ्याबरोबर बसायची सवय असेल, तर अगदी परफेक्ट सेटअप केलेल्या गिटारवरही ई कॉर्ड थोडी टोचते. कारण गिटारचे फ्रेट समान अंतराच्या सप्तकावर बांधलेत, प्रत्येक अर्धा सूर १०० सेंट, म्हणजे सा ते गंधार ४०० सेंट. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ चा. १४ सेंटचा फरक, छोटा नाही. पेटीवरचा जुना आक्षेप थोडाफार हाच, १९४० ते १९७१ आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती त्यामागे मींड घेता न येण्याबरोबर हेही एक कारण होतं. ई कॉर्डमधला गंधार येतो जी तारेच्या पहिल्या फ्रेटवर. म्हणून चांगल्या कानाचा माणूस काय करतो, ई कॉर्ड धरून जी तार हळूच उतरवतो, कॉर्ड गोड लागते, आणि मग सी किंवा जी कॉर्ड धरली की तीच ओपन तार बेसूर. परत चढवतो. असं तासभर चालतं आणि दोष ट्यूनरला. पाचव्या-सातव्या फ्रेटच्या हार्मोनिक्सने (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेले सूर) ट्यून करणाऱ्यांचंही तेच, ते हार्मोनिक शुद्ध अंतरं देतात, प्रत्येक जोडीला २ सेंट कमी पडतात, सहावीपासून जी पर्यंत येईतो ६ सेंट उतरलेले असतात आणि बी जर सहावीच्या सातव्या फ्रेटवरून लावली तर ती २ सेंट चढलेली. या दोन तारांत एकूण ८ सेंटची चूक, तेही शांतपणे आणि मन लावून ट्यून केलेलं असताना. गिटारला सरळ सहाही तारा ट्यूनरवर लाव आणि ई कॉर्डला तेवढं माफ कर. तुला पेटी येते की नाही माहीत नाही, पण नट ठीक झाल्यावरही ई कॉर्ड किंचित टोचली तर गिटारवर राग काढू नकोस.

ट्यूनरचंही एक बघ. क्लिप ट्यूनरवर कॅलिब्रेशनचं बटण चुकून दाबलं जातं आणि ४४० चं ४३७ होऊन बसतं, मग घरी सगळं बरोबर आणि बँडमध्ये बसलं की बेसूर. तार हलक्या हाताने छेड, नेक पिकअप, टोन नॉब खाली. जोरात छेडली की आधी सूर चढतो आणि मग खाली येऊन स्थिर होतो, तो आधीचा आकडा धरून ट्यून केलंस तर तार उतरलेलीच राहणार. आणि हात. ९ च्या तारा आणि उंच फ्रेट असतील तर नुसत्या जोरात दाबण्यानेच दहा सेंट सहज चढतात. आवाज स्वच्छ येईल एवढंच दाबायचं, बोट फ्रेटच्या जवळ, तेवढ्याने पण पुष्कळ फरक पडतो.

हवेचं सांगून टाकतो. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगतं आणि नेक हलते, विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये उलट, लाकूड सुकतं आणि फ्रेटची टोकं हाताला लागायला लागतात. एसी चालू-बंद होणाऱ्या खोलीत रोज थोडा फरक पडतो. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळा लागल्यावर आणि दिवाळीनंतर, नेकची फट एकदा तपासायची. गिटार भिंतीला टांगून ठेवण्यापेक्षा दमट दिवसांत केसमध्ये बरी, सोबत सिलिका जेलची दोन पाकिटं. कारच्या डिकीत मात्र नको.

तर तू आता असं कर. ९-४२ चा एक सेट आण, सहा-सातशेत चांगला मिळतो. तारा बदलताना सहाही खाचांत पेन्सिल, स्ट्रिंग ट्रीखाली पण. ब्रिज बॉडीला टेकव. एक दिवस वाजव, मग जी बेंड करून ट्यूनरवर किती उतरते ते लिहून ठेव, नेकची फट, सतराव्या फ्रेटवर पहिल्या आणि सहाव्या तारेची उंची, आणि सहाही तारांचा पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवरचा आकडा. ते आकडे मला पाठव. पहिल्या फ्रेटवरच चढत असेल तर नट घासून घ्यायला एखाद्या कारागिराकडे ने आणि जाताना या नव्या तारा लावूनच ने, तो ज्या गेजवर खाच कापेल त्याच गेजवर ती बसणार. नुसतं ‘सेटअप करून द्या’ म्हणू नकोस, पहिल्या फ्रेटचे आकडे दाखव आणि नटच्या खाचा खाली घ्यायला सांग.